दूध संस्थेचा डेटाबेस: टेबल बांधण्याआधी ईआर आकृती कशासाठी आणि कशी काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या दूध संस्थेसाठी तुम्ही सॉफ्टवेअर लिहायला घेतलंय आणि सगळी माहिती एकाच मोठ्या टेबलात ठेवलीय: तारीख, सत्र (सकाळ की संध्याकाळ), सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम आणि पुढे कपात1 ते कपात5. सभासद क्रमांक, तारीख आणि सत्र मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) केलीय. कपातीचं वेगळं टेबल करून पाहिलं, तर बिलांचे आकडे भलतेच येऊ लागले. कॉलेजात शिकलेली ईआर (एन्टिटी-रिलेशनशिप) आकृती, म्हणजे कोणत्या वस्तूंची माहिती ठेवायची आणि त्यांच्यात काय संबंध आहेत हे दाखवणारं चित्र, इथे खरंच उपयोगी पडते की ती परीक्षेपुरतीच असते, आणि टेबलं कितव्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (द्विरुक्ती काढण्याच्या कितव्या पायरीपर्यंत) न्यायची, हे तुम्ही विचारलंय.

उपयोगी पडते. पण ती टेबलांचं चित्र म्हणून काढलीत तर पडणार नाही. टेबलं आधी बांधून नंतर एखाद्या टूलमधून चौकोन आणि रेघा छापून घेतल्या, तर त्यातून दस्तऐवज तयार होतो, डिझाइन होत नाही. ईआर आकृतीतली प्रत्येक रेघ हे संस्थेच्या कामकाजाबद्दलचं एक विधान असतं. ते विधान साध्या मराठीत वाचता येतं, सचिवांसमोर ठेवता येतं आणि ते ऐकून सचिव म्हणू शकतात, ‘नाही, आमच्याकडे तसं नसतं.’ हे ‘नाही’ कोड लिहायच्या आधी ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी आकृती काढायची. टेबलाची रचना बघून सचिवांना काही सांगता येत नाही, पण वाक्य चुकलेलं असेल तर ते लगेच सांगतात.

ही पद्धत मांडली गेली तेव्हाही गरज हीच होती. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात सगळा डेटा टेबलांत ठेवायचा असतो. त्याने डेटा कसा साठवायचा आणि कसा विचारायचा हे स्वच्छ झालं, पण बाहेरच्या जगातलं नेमकं काय साठवायचं हे ठरवायला वेगळी भाषा लागत होती. पीटर चेन यांनी 1976 मध्ये ती दिली: जगात वस्तू असतात, त्यांच्यात संबंध असतात आणि दोघांनाही गुणधर्म असू शकतात. चेन यांच्या आकृतीत वस्तूला चौकोन, संबंधाला पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन आणि गुणधर्माला लंबगोल असतो. आज कामाच्या ठिकाणी बहुतेक जण क्रोज फूट पद्धत वापरतात, ज्यात रेघेच्या टोकाला तीन फाटे असले की ‘अनेक’. कोणती चिन्हं वापरता याने फारसं बिघडत नाही. मी सुरुवातीला कागद-पेन्सिल वापरतो, कारण खोडायला सोपं पडतं.

आता तुमच्या संस्थेकडे वळू. पहिल्या दिवशी संगणक उघडू नका. संस्थेत जाऊन कागद गोळा करा: उत्पादकाचं पासबुक, संकलनाची पावती, संघाकडून आलेलं दरपत्रक, संघाचं बिल, पशुखाद्य वाटपाचं रजिस्टर, भाग रजिस्टर. मग माणसांना विचारा, आणि विचारताना एक पथ्य पाळा. ‘असं होतं का?’ असं विचारलं की माणूस नेहमीचं उत्तर देतो. ‘असं कधी तरी झालंय का?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. तुमच्या प्रायमरी कीचंच बघा. ‘एक उत्पादक एका सत्रात एकदाच दूध घालतो ना?’ यावर सगळे ‘हो’ म्हणतील. ‘एकाच सकाळी एकाच माणसाचं दूध दोनदा आलंय, असं कधी झालंय का?’ असं संकलनावरच्या पोराला विचारा. तो सांगेल की होतं की, एक कॅन आधी येतो आणि मळ्यातल्या म्हशीचं दूध भाऊ मागून आणतो. शिवाय गाय आणि म्हैस दोन्ही असलेल्याच्या नोंदी तर रोजच दोन असतात. तुमची की दुसरी नोंद घेणार नाही. मग कोणी तरी दोन्ही कॅनचं दूध एकत्र लिहील, फॅटची सरासरी मनाने काढेल आणि तिथून पुढे कोणताही हिशोब विश्वासाचा राहणार नाही.

म्हणून एन्टिटी (जिची माहिती ठेवायची ती वस्तू) ठरवताना पहिला प्रश्न ‘कोणते कॉलम?’ हा नसतो. ‘यातलं एक म्हणजे नक्की काय?’ हा असतो. एक संकलन म्हणजे एका माणसाचं एका सत्रातलं दूध, की काट्यावर एकदा ओतलेलं आणि एकदा टेस्ट केलेलं दूध? माझ्या मते दुसरं. कारण फॅट आणि एसएनएफ हे त्या ओतलेल्या दुधाचे गुणधर्म आहेत, माणसाच्या सकाळचे नाहीत. तेव्हा संकलनाला स्वतःचा क्रमांक द्या, पावतीवर छापला जाणारा. उत्पादक, दिनांक, सत्र आणि दूध प्रकार हे त्याचे तपशील झाले. एकच पावती चुकून दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून केंद्र, दिनांक, सत्र आणि त्या सत्रातला अनुक्रमांक यांवर युनिक कन्स्ट्रेंट (तेच चार तपशील दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) लावा. काटा आणि मिल्क अ‍ॅनालायझर संगणकाला जोडलेले असतील तर हे आणखी सोपं जातं.

दुसरी अडचण सभासद क्रमांकाची, आणि ती जास्त खोल आहे. गावात माणसाची ओळख त्या क्रमांकाने असते. ‘सत्तेचाळीस नंबर’ म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून तोच की करायचा मोह होतो. पण विचारा: रिकामा झालेला क्रमांक दुसऱ्याला दिलाय, असं कधी झालंय का? बहुतेक ठिकाणी झालेलं असतं. जनावरं विकून एकाने दूध घालणं बंद केलं आणि त्याचा 47 क्रमांक पुढच्या एप्रिलपासून नव्या माणसाला दिला. तुमच्या टेबलात 47 चं वर्षभराचं दूध काढलं तर दोन माणसांचं दूध एकत्र येईल. दिवाळीचा दूध दर फरक वाटायच्या वेळी हे भांडणाला कारण ठरतं.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात: व्यक्ती, उत्पादक खातं आणि क्रमांक. खात्याला डेटाबेसने दिलेली अंतर्गत की ठेवा, जी कोणाला दिसत नाही आणि कधी बदलत नाही. क्रमांकासाठी ‘क्रमांक वाटप’ अशी वेगळी एन्टिटी करा: कोणता क्रमांक, कोणत्या खात्याला, कधीपासून, कधीपर्यंत. एकच क्रमांक एकाच वेळी दोघांकडे असू नये हा नियम पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटने डेटाबेसच सांभाळतो. मायएसक्यूएलमध्ये तसं नाही, तिथे तपासणी प्रोसीजर किंवा ट्रिगरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहावी लागते.

वडील वारल्यावर मुलगा त्याच क्रमांकावर दूध घालू लागतो, तेव्हा काय? नवं खातं की जुनंच? हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही. सचिवांना विचारा: वडिलांनी उचललेल्या पशुखाद्याची बाकी मुलाच्या बिलातून वळती करता का? करत असतील तर खातं तेच आहे, फक्त खातेदार बदलला. मग ‘खातेदार’ हा व्यक्ती आणि खातं यांच्यातला संबंध झाला, आणि त्यालाही ‘पासून-पर्यंत’ तारखा आल्या. करत नसतील तर नवं खातं उघडायचं. एका प्रश्नाच्या उत्तरावर तीन टेबलांची रचना बदलते.

आणखी एक. तुम्ही सगळ्यांना ‘सभासद’ म्हटलंय. दूध घालणारा प्रत्येक जण भागधारक सभासद असतोच असं नाही, आणि प्रत्येक भागधारक आज दूध घालत असेलच असंही नाही. दर फरक मिळतो तो वर्षभरात घातलेल्या दुधावर, लाभांश मिळतो भागांवर. दोन्ही गोष्टी एका टेबलात ठेवल्या की ज्याने म्हशी विकल्या पण भाग ठेवलेत, त्याला यादीतून काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही. व्यक्ती एक ठेवा. सभासदत्व आणि उत्पादक खातं हे तिच्याशी जोडलेले दोन वेगळे चौकोन काढा. पुस्तकात याला स्पेशलायझेशन म्हणतात आणि तिथे ते बरंच अवघड करून दाखवलेलं असतं. इथे ‘व्यक्तीला शून्य किंवा एक सभासदत्व, शून्य किंवा अनेक खाती’ असं वाक्य लिहिलंत तरी पुरतं.

दराचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उत्पादकाचा पैसा तिथे ठरतो. दर फॅट आणि एसएनएफवर अवलंबून असतो. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हशीच्या दुधाला 6.0 आणि 9.0 हे पायाभूत प्रमाण धरून त्याच्या वर-खाली दर चढतो-उतरतो. दरपत्रक म्हणजे एक मोठा चौकटींचा तक्ता असतो. गाईसाठी फॅट 3.0 ते 5.0 आणि एसएनएफ 8.0 ते 9.0, दोन्ही 0.1 च्या टप्प्याने धरले, तर 21 गुणिले 11, म्हणजे 231 घरं होतात. नवीन माणूस याचं एकच ‘दर’ टेबल करतो आणि दर बदलला की त्याच ओळी अपडेट करतो. त्याबरोबर जुना दर नाहीसा होतो. मागच्या महिन्यातल्या पावतीबद्दल कोणी विचारलं तर दाखवायला काही उरत नाही.

इथे दोन एन्टिटी आहेत. ‘दरपत्रक’: दूध प्रकार, लागू दिनांक, लागू सत्र. आणि ‘दर घर’: कोणत्या दरपत्रकातलं, कोणती फॅट, कोणता एसएनएफ, किती रुपये. तक्त्यातल्या या घराला दरपत्रकाशिवाय स्वतंत्र ओळख नाही, म्हणून त्याची की दरपत्रकाच्या कीसह बनते. वीक एन्टिटीचं हे अगदी स्वच्छ उदाहरण आहे. नवा दर आला की नवं दरपत्रक घाला, जुन्याला हात लावू नका.

लागू सत्र का हवं? कारण दर कधी कधी संध्याकाळपासून बदलतो. आणि दुसरी गोष्ट जी विचारल्याशिवाय कळत नाही: संघाचं परिपत्रक 3 तारखेला हातात पडतं आणि त्यात लिहिलेलं असतं ‘दिनांक 1 पासून लागू’. दोन दिवसांच्या पावत्या जुन्या दराने छापून वाटून झालेल्या असतात. म्हणून दरपत्रकाला दोन तारखा लागतात: लागू झाल्याची आणि संस्थेत नोंदवल्याची. 1 आणि 2 तारखेच्या संकलनातला दर बदलू नका. त्या चार सत्रांचा फरक काढून बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवा.

यावरून तुम्ही नॉर्मलायझेशनबद्दल शंका काढाल: दर दरपत्रकातून मिळतो आणि रक्कम लिटर गुणिले दर, मग संकलनात दर आणि रक्कम साठवणं म्हणजे द्विरुक्ती नाही का? माझं मत ठाम आहे: साठवा. पावतीवर छापून उत्पादकाच्या हातात दिलेला दर ही स्वतंत्र घटना आहे. ‘त्या दिवशी आम्ही यांना हा दर सांगितला’ हे सत्य पुढे दरपत्रक दुरुस्त केल्याने बदलत नाही. मात्र सोबत कोणत्या दरपत्रकावरून तो दर काढला याची फॉरेन कीही (दुसऱ्या टेबलातली ओळ दाखवणारा कॉलम) ठेवा, म्हणजे पडताळणी करता येते. याउलट उत्पादकाचं नाव संकलनाच्या प्रत्येक ओळीत ठेवणं ही खरी द्विरुक्ती आहे. ते काढून टाका.

एसएनएफचंही असंच तपासा. अ‍ॅनालायझर थेट आकडा देतो. पण जिथे लॅक्टोमीटर (दुधाची घनता दाखवणारं साधन) लावून डिग्री बघतात तिथे एसएनएफ डिग्री आणि फॅटवरून सूत्राने काढला जातो, आणि त्या सूत्रातला स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. तिथे मूळ नोंद डिग्रीची आणि फॅटची आहे, एसएनएफ त्यांच्यावरून आलेला आहे. डिग्री टाकून देऊन फक्त एसएनएफ ठेवलात, तर स्थिरांक चुकल्याचं उद्या लक्षात आलं तरी मागचं काही खात्रीने दुरुस्त करता येणार नाही.

आता कपात1 ते कपात5. सहावी कपात आली की काय, हा वरवरचा प्रश्न झाला. खरा प्रश्न आहे की ही कपात कशाची. एका उत्पादकाने पशुखाद्याची दोन पोती नेली, समजा 3,200 रुपयांची. ती एका बिलात वळती होत नाहीत. 1,200, पुन्हा 1,200 आणि शेवटी 800, अशी तीन बिलांत वसूल होतात. मधल्या बिलात त्याने आधी घेतलेल्या अ‍ॅडव्हान्सचे 500 रुपयेही कापले. म्हणजे एक उचल अनेक बिलांतून वसूल होते आणि एका बिलातून अनेक उचली वसूल होतात. हा मेनी-टू-मेनी संबंध आहे, आणि 1,200 हा आकडा ना उचलीचा आहे ना बिलाचा. तो त्या दोघांच्या संबंधाचा आहे. म्हणून ‘वसुली’ हे टेबल: कोणती उचल, कोणतं बिल, किती रक्कम. संबंधालाही गुणधर्म असतात हे चेन यांचं म्हणणं इथे प्रत्यक्ष पैशात दिसतं. हे टेबल असलं की ‘माझी पोत्याची बाकी किती राहिली?’ या प्रश्नाचं उत्तर एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात) मिळतं. तुमच्या आत्ताच्या रचनेत त्यासाठी जुनी बिलं हातात घेऊन बेरीज करावी लागते.

बिल कालावधीही वेगळी एन्टिटी करा. कोल्हापूर-सांगलीकडे दहा दिवसांचं बिल असतं म्हणून लोक तारखेत दहा मिळवणारा कोड लिहितात. पण तिसरं बिल 21 पासून महिनाअखेरपर्यंत असतं, म्हणजे ते 8 दिवसांचंही असू शकतं आणि 11 दिवसांचंही. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा लिहून ठेवल्या की गणित करायची गरजच राहत नाही.

तुमचे आकडे भलतेच का येतात, ते आता नीट बघू. तुम्ही संकलन आणि कपात ही दोन टेबलं उत्पादकावरून एकाच क्वेरीत जोडली असणार. एका उत्पादकाची दहा दिवसांत 20 संकलनं झाली, प्रत्येकी 6 लिटर, म्हणजे 120 लिटर. 40 रुपये दराने 4,800 झाले. कपाती तीन: पशुखाद्य 1,500, अ‍ॅडव्हान्स 500, भाग वर्गणी 100, एकूण 2,100. हातात यायला हवेत 2,700. पण जोडणी केल्यावर प्रत्येक संकलन प्रत्येक कपातीसमोर येतं आणि 60 ओळी तयार होतात. दूध तिप्पट होऊन 14,400 रुपये दिसतं, कपात वीसपट होऊन 42,000. उत्पादकच संस्थेचं 27,600 देणं लागतो असं बिल निघतं.

याला फॅन ट्रॅप म्हणतात आणि तो आकृतीत आधीच दिसतो. उत्पादकाच्या चौकोनातून दोन ‘अनेक’ फाटे दोन दिशांना जातात, एक संकलनाकडे आणि एक कपातीकडे. त्या दोघांत आपसात काही संबंध नाही. अशी आकृती दिसली की दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि मग बिलावर एकत्र आणायच्या. काही जण यावर डिस्टिंक्ट बेरजेचा (सारखे आकडे एकदाच धरणाऱ्या बेरजेचा) उपाय करतात. तो अजिबात करू नका. वरच्या उदाहरणात वीसही वेळा 6 च लिटर दूध आहे, डिस्टिंक्ट बेरीज 6 लिटर येईल. जोवर आकडे वेगवेगळे आहेत तोवर उत्तर बरोबर दिसतं, आणि ज्या उत्पादकाचं दूध रोज सारखं आहे त्याचेच पैसे बुडतात. अशी चूक लवकर सापडतही नाही.

जशा रेघा काढाव्या लागतात, तशा काही मुद्दाम काढायच्या नसतात. तुम्ही लिहिलंय की संघाने टँकर परत पाठवला तर ते दूध कोणाचं होतं हे सॉफ्टवेअरने सांगावं, अशी अध्यक्षांची अपेक्षा आहे. म्हणजे संकलनापासून टँकरपर्यंत रेघ हवी. पण सत्राचं सगळं दूध एकत्र होऊन बल्क कूलरमध्ये (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत) जातं, आणि संध्याकाळचं आणि दुसऱ्या सकाळचं दूध एकाच टँकरमध्ये भरलं जातं. ज्या क्षणी दूध मिसळलं, त्या क्षणी ‘हे लिटर अमक्याचं’ हे विधान जगातच खरं राहत नाही, मग डेटाबेसमध्ये कुठून येणार? खरं आहे ते एवढंच: हे संकलन या सत्रातलं, या सत्राचं दूध या कूलरच्या भरणीत गेलं, ही भरणी या टँकरने गेली. आकृतीत संकलन, सत्र, कूलर भरणी आणि टँकर अशी साखळी काढा. त्यातून ‘या टँकरमध्ये कोणाकोणाचं दूध होतं’ अशी यादी मिळेल. दोषी एकच माणूस मिळणार नाही. अध्यक्षांना हे आकृती समोर ठेवूनच सांगा. एका निरपराध उत्पादकाचं दूध बंद होण्यापेक्षा आधी स्पष्ट बोललेलं बरं. ज्यांना एकेकाचं दूध तपासायचं आहे, त्यांना मिसळण्याआधी नमुना वेगळा ठेवावा लागेल. मग ‘नमुना’ ही एन्टिटी येईल आणि ती थेट संकलनाला जोडता येईल.

याच साखळीवर घट-वाढीचा हिशोब बसतो. संस्था लिटरमध्ये घेते आणि संघ किलोत मोजून लिटर 1.03 किलोच्या आसपास धरून रूपांतर करतो, असं असेल तर दोन्ही एककं स्वतंत्र साठवा आणि कोणता गुणक लावला तेही ठेवा. फक्त ‘प्रमाण’ नावाचा एक कॉलम ठेवलात, तर त्यात लिटर आहेत की किलो, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

आकृतीवरून टेबलं करणं हा भाग तुलनेने सरळ आहे. प्रत्येक एन्टिटीचं टेबल. वन-टू-मेनी असेल तर ‘अनेक’ बाजूला फॉरेन की. मेनी-टू-मेनी असेल तर मधलं टेबल. किमान संख्येकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे बरेच जण घाई करतात. ‘प्रत्येक संकलनाला नक्की एक खातं असतं’ हे नॉट नल लावलेल्या (रिकामी ठेवता न येणाऱ्या) फॉरेन कीने पाळलं जातं. पण ‘प्रत्येक बिलात किमान एक संकलन असतं’ हे उलट्या दिशेचं विधान साध्या फॉरेन कीने पाळता येत नाही. ते बिल तयार करणाऱ्या प्रोसीजरमध्ये तपासावं लागतं. आणि ते खरं आहे का, हेही आधी विचारा: दूध बंद असताना नुसत्या फरकाचं बिल कधी निघालंय का? निघालं असेल तर किमान संख्या शून्य आहे आणि तपासणीची गरजच नाही. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आपोआप बनत नाही, तो स्वतः बनवा. रक्कम, दर, लिटर, फॅट हे सगळं न्यूमेरिक किंवा डेसिमल प्रकारात ठेवा. फ्लोट वापरू नका. 0.1 हा आकडा फ्लोटमध्ये अचूक बसत नाही, आणि दरपत्रकात 3.7 फॅटचं घर शोधताना ते सापडेलच याची खात्री राहत नाही.

कितवा नॉर्मल फॉर्म, हे विचारलंत. एन्टिटी नीट वेगळ्या केल्या, प्रत्येकीची ओळख ठरवली आणि गुणधर्म ज्याचा त्याला दिला, की टेबलं बहुतेक तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्येच येतात. तिथून मागे जाऊन तपासण्यासाठी नॉर्मलायझेशनचे नियम वापरा, सुरुवात त्यांनी करू नका. गुणधर्मांचा ढीग घेऊन फंक्शनल डिपेंडन्सी (कोणत्या गुणधर्मावरून कोणता ठरतो ते) शोधत बसलात, तर त्यातून ‘क्रमांक पुन्हा दिला जातो’ हे कधीच कळणार नाही. ते माणसाला विचारूनच कळतं.

शेवटचा भाग जुन्या डेटाचा. आधी व्यक्ती, खाती आणि क्रमांक वाटप भरा. जुन्या टेबलातून एका क्रमांकासमोर एकापेक्षा जास्त नावं येतात अशा ओळी काढून त्यांची छापील यादी करा आणि सचिवांसोबत बसा. काही ठिकाणी तेच नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं निघेल, काही ठिकाणी खरोखर दोन माणसं निघतील. हे काम प्रोग्रामवर सोडू नका. दरपत्रकं कागदावरून तारखेनुसार चढवा. उचलीची बाकी मात्र जुन्या कपात कॉलममधून काढू नका. चालू आर्थिक वर्षाच्या 1 एप्रिलची, लेखापरीक्षणात मान्य झालेली बाकी घ्या, ती आरंभीची उचल म्हणून नोंदवा आणि त्यानंतरच्या उचली-वसुल्या रजिस्टरवरून चढवा.

मग एक पूर्ण बिल कालावधी जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवा आणि प्रत्येक उत्पादकाचं बिल पैशापर्यंत जुळवा. फरक आला तर आधी पूर्णांकन तपासा. प्रत्येक पावतीची रक्कम दोन दशांशांवर आणून बेरीज करणं, आणि सगळ्या रकमा पूर्ण ठेवून बिलाच्या शेवटी एकदाच पूर्णांक करणं, यांत काही पैशांचा फरक पडतो. पावती उत्पादकाच्या हातात असते आणि तो तिचीच बेरीज करून बघतो, म्हणून पूर्णांकन पावतीवर करा आणि बिलाची रक्कम ही पावत्यांच्या छापील रकमांची बेरीजच ठेवा.